‘कुटुंबवत्सल’ हें विशेषण

घरांतील वडील माणूस निवर्तलें म्हणजे वर्षश्राद्धाच्या सुमारास एक लहानसें पुस्तक छापून आप्तेष्टांत वाटण्याची चाल सुशिक्षित कुटुंबांत बरीच रुळली आहे. तीस-चाळीस पृष्ठें, आरंभीं टोपी घातलेलें छायाचित्र, मग वंशवृक्ष, त्यापुढें मुलें, सुना, जांवई व नातवंडें यांच्या ‘आठवणी’, आणि शेवटीं एखादा अभंग. हीं पुस्तकें विक्रीसाठीं नसतात, मासिकांकडे अभिप्रायार्थही येत नाहींत. तेव्हां टीकाकारानें त्यांकडे लक्ष देण्याचें कारणच पडत नाहीं. आम्हांस मात्र हा प्रकार उपेक्षणीय वाटत नाहीं. ज्या घरांत दुसऱ्या कोणीं कधीं लेखणी उचललेली नसते, त्या घरानें आपल्या माणसाविषयीं केलेलें तें पहिलें आणि बहुधा शेवटचेंच लेखन असतें. तें फसलें तर पुन्हां संधि नाहीं.

आणि तें बहुतेक फसतेंच. आमच्या संग्रहीं असलेल्या अशा दहा-बारा पुस्तिका आम्हीं नुकत्याच एका बैठकींत वाचून काढल्या. नांवें झांकलीं असतीं तर कोणते आजोबा कोणाचे हें आम्हांस सांगतां आलें नसतें. सर्वच पहांटे उठत, सर्वच निर्व्यसनी, सर्वांनींच हालअपेष्टा सोसून मुलांना शिकविलें, वरून कठोर पण आंतून मृदु असेही सर्वच. आणि सर्वच न चुकतां ‘कुटुंबवत्सल’. वस्तुतः हा शब्द केवढा सुंदर! वत्स म्हणजे वासरूं. वासराच्या ओढीनें रानांतून परतणारी गाय डोळ्यांपुढें ठेवून संस्कृतानें ‘वत्सल’ हा शब्द घडविला. आज तें चित्र पुसून गेलें आहे आणि उरला आहे तो टपालाच्या शिक्क्यासारखा एक शिक्का. तो कोणत्याही पाकिटावर उठतो व पाकिटांत काय आहे तें कांहींच सांगत नाहीं.

याउलट एका घराचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांना कुटुंबवत्सल म्हणण्याचें धाडस सहसा कोणी करणार नाहीं. अनाथ बालिकाश्रम १८९६ सालीं निघाला व १९०० सालीं हिंगण्यास गेला. कॉलेजांतील शिकवणें आटोपून अण्णा पुण्याहून तेथवर पायीं जात. घराच्या वांट्यास काय उरत असेल याची कल्पना करतां येते. असें असूनही कर्व्यांच्या घरांत आंत काय चाललें होतें याची आपणांस जितकी माहिती आहे, तितकी बहुतेक कुटुंबवत्सल गृहस्थांच्या घरांविषयीं त्यांच्या नातवंडांनाही नसते. कारण उघड आहे. तें घर तिघांनीं, तीन जागीं उभें राहून सांगितलें.

स्वतः अण्णांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ चें. हिशेब देणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. संस्था हा तिचा विषय, आणि संसार येतो तो संस्थेच्या ओघांत. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनीं, १९४४ सालीं, आनंदीबाईंचें ‘माझें पुराण’ प्रसिद्ध झालें. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकलेल्या या विधवेशीं अण्णांचा विवाह झाला तो १८९३ सालीं. बायांची भाषा अशी कीं, ओसरीवर बसून धान्य निवडतां निवडतां कोणी बोलावें. अण्णांनीं आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसी संस्थेच्या नांवें करून दिली, ही गोष्ट चरित्रकार त्यागाच्या सदरांत मांडून मोकळा होतो. बायांना ती तशी मांडतां येत नाहीं. उद्यां मुलांच्या तोंडांत काय घालावयाचें हा प्रश्न त्यांच्यापुढें होता, आणि त्या नवऱ्याशीं भांडल्या. त्या भांडणानें अण्णा तिळभर लहान होत नाहींत. आपणांस फक्त इतकें कळतें कीं, त्यागाचा अर्धा भार दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावर होता.

तिसऱ्या इरावतीबाई. दिनकररावांच्या पत्नी या नात्यानें त्या घरीं आल्या व पुढें आपल्या मुलांच्या या आजोबांविषयीं त्यांनीं एक लेख लिहिला. त्यांत त्यांनीं म्हटलें आहे, त्याचा भाव असा कीं, अशा पुरुषाची सून होणें हें भाग्य, आणि त्याची बायको न होणें हें त्याहून मोठें भाग्य. वाचतांना हंसूं येतें. पण या थट्टेंत जितका माणूस सांपडतो तितका आमच्या दहा-बारा पुस्तिकांत मिळून सांपडला नाहीं. शिवाय हें ध्यानांत घ्यावें कीं, इरावतीबाईंनीं उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस जावें हें याच सासऱ्यांना पसंत नव्हतें. तरी त्या लेखांत कडवटपणा नाहीं व देव्हाराही नाहीं.

कोणी म्हणेल, थोरांना परखडपणा पेलतो. आमच्या कारकून आजोबांचा त्यांत चुराडा होईल. हा आक्षेप आम्हांस खरा वाटत नाहीं. परखड व्हा असें आमचें म्हणणें नाहींच. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत पतीविषयीं पूज्यभावावांचून दुसरें कांहीं नाहीं. पण कलकत्त्यास असतांना हजामत करणाऱ्या न्हाव्यालाच बंगाली शब्द विचारणारे न्यायमूर्ति त्यांनीं टिपले, आणि आपण त्यावर केलेली थट्टाही टिपली. भक्तीचें आणि तपशिलाचें वांकडें नसतें. वांकडें असतें तें विशेषणाचें.

खरा प्रश्न निराळाच आहे, आणि कर्व्यांच्या घरानें तो विचारावयास शिकविलें. तेथें पुरुषानें आपणांस संस्थेला वाहून घेतलें, त्याची किंमत घरानें दिली. ज्यानें आपणांस घरालाच वाहून घेतलें, त्याची किंमत कोणी तरी दिलीच असेल. बहुधा त्यानें स्वतःच. पण तो ती बोलून दाखवीत नाहीं, आणि तो गेल्यावर पुस्तिका काढणारे तिचा शोध करीत नाहींत. हें आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. त्या दहा-बारांपैकीं एक पुस्तिका आमचीच आहे. आमच्या आजोबांवरील लेखांचें संपादन आम्हींच केलें, आणि तिच्या नवव्या पृष्ठावर आमच्याच हातचें एक वाक्य आहे: आजोबांना कसलाही षोक नव्हता, कुटुंब हाच त्यांचा षोक. छापलें तेव्हां तें वाक्य आम्हांस फार साधलेलें वाटलें होतें.

पुढें घर आवरतांना त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या हातीं लागल्या. १९४७ पासून दर महिन्यास एक रकम नियमानें पडलेली आहे: गायनवर्ग, रु. ५. मधूनच ‘तंबोऱ्याच्या तारा, १२ आणे’. १९५१ च्या मे महिन्यांत आजोबांचे थोरले बंधु वारले व त्यांचीं दोन मुलें आमच्या घरीं राहावयास आलीं. जूनच्या पानावर ‘शाळेची फी, मुलें २’ ही नोंद प्रथम येते. गायनवर्गाची नोंद त्या पानावर नाहीं, आणि पुढें कोठेंच नाहीं. जुलैच्या जमेच्या बाजूस आहे: तंबोरा, रु. ४५. अक्षर नेहमींसारखेंच आहे. कोठें हात थांबल्याची खूण नाहीं.

आमच्या आत्याबाई आज ब्याऐंशींच्या आहेत. त्यांना आम्हीं वही दाखविली. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “माजघरांतल्या भिंतीवर एक खुंटी होती. तिला अण्णा कांहीं अडकवूं देत नसत. रंग देणारे आले तरी काढूं दिली नाहीं.” हें तुम्हीं तेव्हां आठवणींत कां लिहिलें नाहीं, असें विचारतां त्यांनीं चष्मा पुसला आणि म्हटलें, “तुम्ही गुण लिहून मागितलेत. मीं गुण लिहून दिले.”

पुस्तिकेच्या दोनशें प्रती काढल्या होत्या. उरलेल्या एकोणीस प्रतींतील नवव्या पृष्ठावरचें तें वाक्य आम्हीं शाईनें खोडलें आहे. वाटलेल्या प्रतींत तें तसेंच आहे.