‘निव्वळ शून्य’ आणि कर्त्याचा लोप

खाणकंपन्यांच्या हवामानविषयक प्रतिज्ञा हा लेखनाचा एक नवा प्रकार रूढ होत आहे. कोणत्याही संहितेप्रमाणे याही लेखनाला प्रथम एक प्रश्न विचारला पाहिजे: यातील क्रियेचा कर्ता कोण?

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक वीजकेंद्र हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. तेथे ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे एकूण ३,३०० मेगावॅटची क्षमता आहे. केंद्र वर्षभर सत्तर टक्के क्षमतेने चालले आणि दर युनिटामागे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाकाठी सुमारे १.८ कोटी टन वायू धुराड्यांतून बाहेर पडेल. केंद्राच्या हिशेबात हा वायू पहिल्या कक्षेत मोडतो. ज्या खाणकंपनीने कोळसा विकला तिच्या हिशेबात तोच तिसऱ्या कक्षेत जातो. आणि सेबीने २०२१ साली आखलेल्या अहवाल-नमुन्यात ही तिसरी कक्षा अनिवार्य नाही.

कोल इंडियाने ३,००० मेगावॅट सौरक्षमता उभारून ‘नेट झिरो’ होण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी प्रथम ठरविलेली २०२३-२४ ची मुदत उद्दिष्ट न गाठताच सरली. परंतु दिरंगाईपेक्षा व्याख्या अधिक विचारणीय आहे. हे शून्य मुख्यतः कंपनी स्वतः वापरीत असलेल्या विजेचे आहे. त्याच वर्षी तिने ७७.३ कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. टनामागे दीड टन वायू एवढा स्थूल हिशेब धरला, तरी तो जळून ११५ कोटी टनांच्या वर वायू निर्माण होतो. उत्पादन १०० कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्टही कायम आहे. मराठीत ‘निव्वळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: ‘निव्वळ नफा’ आणि ‘निव्वळ कल्पना’. येथे पहिला अर्थ अभिप्रेत असला, तरी वाचकाला दुसरा आठवल्यास त्याचा दोष नाही.

कारक विवक्षेवर अवलंबून असते, हे वैयाकरणांनी पूर्वीच ओळखले होते. स्वयंपाकी अन्न शिजवितो, भांडे शिजविते, लाकडेही शिजवितात, या प्रयोगांची चर्चा महाभाष्यात आहे. विवक्षा बदलली की कर्ता बदलतो. पाकक्रिया मात्र तीच राहते, आणि लाकूड पुरविणाऱ्याचा तिच्याशी असलेला संबंध तुटत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. एकच वायू दोन ठिकाणी मोजला जाईल, हा पहिला. तथापि कक्षांची रचना बेरजेसाठी नसून प्रत्येकाचा संबंध दाखविण्यासाठी आहे. वीज ही देशाची गरज असून भारताचे दरडोई उत्सर्जन अल्प आहे, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. किंबहुना तो सर्वस्वी मान्य करावा. पण गरज हे कोळसा काढण्याचे समर्थन ठरते. शून्याचा दावा करण्याचे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२२ साली हेच स्पष्ट केले: जीवाश्म इंधनाचा नवा पुरवठा उभारीत असताना कोणत्याही संस्थेने असा दावा करू नये.

भारताने २०७० हे वर्ष ग्लासगो येथे २०२१ साली जाहीर केले. तोवर अशा अनेक प्रतिज्ञा लिहिल्या जातील. त्यांचे मूल्यमापन करताना आधारवर्ष, समाविष्ट कक्षा आणि नियोजित उत्पादन या तीन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. तिरोड्याच्या धुराला कर्ता आहे. तो एकच आहे असे मात्र नाही.