हिरकणीचीं पावलें

रायगडच्या पायथ्याशीं हिरकणीवाडी आहे. तिच्या नांवामागची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? कोजागिरीच्या सायंकाळीं गडाचे दरवाजे बंद झाले, आणि दूध घालावयास आलेली गवळण घरच्या तान्ह्या मुलासाठीं कडा उतरून गेली. पुढें शिवाजीमहाराजांनीं त्या जागीं बुरूज बांधविला, असें सांगतात. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. परंतु दंतकथाहि कथा म्हणून कसास लावतां येते. क्रमिक पुस्तकांपासून २०१९ सालच्या ‘हिरकणी’ चित्रपटापर्यंत ती मातृप्रेमाची गाथा म्हणूनच आपल्यापुढें आली आहे.

आमचा आक्षेप येथेंच आहे. वात्सल्य माणसास कड्याच्या टोकापर्यंत आणील. खालीं उतरावयास पाय लागतात. कथाकार हेतु सांगतात, साधन सांगत नाहींत. डोईवर दुधाचें मडकें घेऊन रोज गड चढणारी ही बाई अनवाणीच असणार. खडक पक्का कीं सुटा, ओला कीं कोरडा, हें अंधारांत तिच्या तळव्यास आधीं कळलें असेल आणि मगच तिनें त्यावर भार टाकला असेल. हें कसब आहे, चमत्कार नव्हे. आणि कसबाचें वर्णन केल्यानें आईची थोरवी उणी होत नाहीं.

हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनीं २०१० सालीं ‘नेचर’मध्यें दाखविलें कीं, अनवाणी धावण्याची संवय असलेले लोक बहुधा टाचेऐवजीं चवड्यावर उतरतात, त्यामुळें पाऊल टेकतांना बसणारा धक्का पुष्कळ कमी होतो, जाड टाचेच्या बुटांत टाचच आधीं आपटते. एवढ्यावरून अनवाणी धावणारास इजा होत नाहीं असें ठरत नाहीं, आणि अंकुशकृमि उघड्या तळव्यांतूनच शरीरांत शिरतो, हें गोडवे गाणारांनीं विसरूं नये. अबेबे बिकिला १९६० सालीं रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकला. चार वर्षांनीं टोकियोंत बूट घालूनहि तोच जिंकला.

लता करे २०१४ सालीं बारामतीच्या शर्यतींत नऊवारींत अनवाणी धावल्या, त्या पतीच्या औषधोपचारासाठीं पैसा हवा होता म्हणून. त्यांच्यावरील चित्रपटांत नायिकेचें काम त्यांनींच केलें, हें आम्हांस फार योग्य वाटतें. तीं पावलें कोठें उसनीं मिळालीं नसतीं.

हिरकणी पुन्हा लिहूं इच्छिणारानें १९९६ पासून वाडींतून सुटणाऱ्या रज्जुमार्गानें वर जाऊं नये. पायऱ्यांनीं चढावें, आणि बुरुजापर्यंतचा शेवटचा टप्पा तरी वहाणा हातांत घेऊन चालावा.