पाच बाहुल्यांचा नकार

सातवीत असताना आम्हा चौघांची एक लिपी होती. 'च'ची भाषा तोवर अख्ख्या वाड्याला पाठ झाली होती. 'तुला येते का' हे 'चलातु चतेये चका' असं विचारलं, की कुणाचंही शेंबडं भावंड फटकन उत्तर द्यायचं. अशात वाचनालयातल्या शेरलॉक होम्सच्या पुस्तकात नाचणाऱ्या बाहुल्या भेटल्या आणि आम्ही मराठी बाहुल्या करायला बसलो. इंग्रजीला सव्वीस पुरतात. आमची व्यंजनंच तिसाच्या वर, शिवाय बाराखडी. शेवटी व्यंजनाची बाहुली आणि मात्रेची वस्तू असं ठरलं: कान्याला हातात काठी, वेलांटीला डोक्यावर टोपी, उकाराला पायात चेंडू. जोडाक्षर आलं की दोन बाहुल्या हातात हात घालून उभ्या. 'स्वातंत्र्य' लिहायला घेतलं तेव्हा मोठी जत्राच भरली.

ही लिपी चार दिवस टिकली. एकाच्या ताईने चिठ्ठी पकडली, मिनिटभर पाहिली आणि म्हणाली, "एवढ्या जणांच्या हातात काठी कशाला रे?" मराठीत काना इतका येतो की सगळ्यांत आधी तोच फितूर होतो. कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजून लिपी फोडायची ही युक्ती बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. ताईला अल-किंदी माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आर्थर कॉनन डॉइलची 'द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द डान्सिंग मेन' ही कथा 1903च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात आली. मी ती अधूनमधून अजून वाचतो. आता होम्स काय शोधतो याची उत्सुकता उरलेली नाही. पण त्या बाहुल्या कोण कुणाला लिहितं, हे दर वाचनात थोडं जास्त दिसतं.

नॉरफक परगण्यातला हिल्टन क्युबिट हा जुन्या घराण्यातला सरळमार्गी जमीनदार. एल्सी ही त्याची अमेरिकन बायको. माझ्या पूर्वायुष्याबद्दल काही विचारायचं नाही, असा शब्द तिने लग्नाआधी घेतला होता आणि हा भला माणूस तो पाळतो. मग एके दिवशी खिडकीखाली खडूने काढलेल्या नाचऱ्या आकृत्या दिसतात. त्याला वाटतं, तबेल्यातल्या पोराचा चाळा असेल. पुढे तशाच आकृत्यांचा एक कागद बागेत सापडतो आणि तो पाहताच एल्सी बेशुद्ध पडते, तेव्हा क्युबिट होम्सकडे जातो.

कथेतलं पहिलं कसब इथं आहे. ही लिपी दिसायलाच लिपी नाही. आकडे, बाण, उलटी अक्षरं दिसली की बघणाऱ्याला संशय येतो. इथे पोरकट चित्र दिसतं आणि माणूस ते पुसून पुढे जातो. आमच्याकडची उदाहरणं पाहा. महानुभावांची सकळ लिपी नागरी अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हं घालून केलेली. पंथाबाहेरच्यांना ती शतकानुशतकं बंद राहिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी उलगडली. पण ती समोर आली की इथे काहीतरी झाकलेलं आहे एवढं तरी कळतंच. डॉइलच्या बाहुल्या तेही कळू देत नाहीत. नॉरफकच्या हॅपिसबरा गावातल्या एका हॉटेलात उतरला असताना तिथल्या मालकाच्या लहान मुलाची अशीच बाहुल्यांची सही पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. खरं असावं. मोठ्या माणसाला हे आपण होऊन सुचणं कठीण.

दुसरं कसब निशाणांचं. काही बाहुल्यांच्या हातात झेंडा आहे. झेंडा आला की शब्द संपला. मराठी वाचकाला याचं अप्रूप जास्त वाटावं. शिरोरेघ तुटली की आपला शब्द तुटतो. मोडीत मात्र रेघ आधी पानभर ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायचं, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ताडायचं. ही लिपी मुळात शिकागोच्या एका टोळीची. तिने झेंडे दिले ही आपसांतली सोय, आणि तीच होम्सच्या पथ्यावर पडते. एरवी हे कुलूप तकलादूच आहे. एकशेसाठ गुप्तलिपींवर आपण प्रबंध लिहिलाय पण ही पद्धत अगदी नवी, असं होम्स म्हणतो तेव्हा मला हसू येतं. अक्षराला चिन्ह, एवढाच तर मामला. पो या लेखकाने 1843च्या 'द गोल्ड-बग' या कथेत याच रीतीने खजिना काढला होता.

होम्स पहिल्या चिठ्ठीतल्या पंधरा आकृत्या मोजतो. त्यातल्या चार सारख्या, म्हणजे इंग्रजीत सर्वांत जास्त येणारं 'ई'. आणि इथे तो अडतो, कारण पुढच्या अक्षरांचा क्रम असा पक्का नसतो. त्याला बाहेर काढतो तो अवजारांच्या खोलीच्या दारावर उमटलेला पाच बाहुल्यांचा एकच शब्द. दुसरी आणि चौथी 'ई'. तीन शब्द बसू शकतात. पण कुणाच्या तरी विनवणीला आलेलं हे उत्तर असेल तर एकच बसतो: 'नेव्हर'. कधीच नाही.

हा शब्द एल्सीने लिहिलाय. तिचं बाकी सगळं बोलणं आपल्याला नवऱ्याच्या तोंडून ऐकू येतं. तिच्या स्वतःच्या हातचं म्हणाल तर या पाच बाहुल्या, बस्स. मित्रांच्या गुप्त लिपीत प्रत्येक चिठ्ठीबरोबर एक न लिहिलेली ओळ जाते: 'तू आपल्यातला आहेस.' आम्हा चौघांच्या चिठ्ठ्यांमध्ये याखेरीज दुसरं होतंच काय? 'मधल्या सुट्टीत चिंचा' हे काही गुपित नव्हे. एल्सीच्या दारावर नेमकी हीच ओळ धमकी होऊन येते. लिपी तिच्या बापाने शोधलेली, टोळी त्याचीच, आणि लिहिणारा एब स्लेनी हा तिचा एकेकाळचा वाग्दत्त वर. तिने देश सोडला, नाव बदललं, पण बाहुल्या वाचता येणं काही सुटलं नाही. नकार द्यायचा तर तोही त्यांच्याच लिपीत द्यावा लागतो, आणि देताना आपण अजून आतले आहोत हे कबूल होतं. नवऱ्याला साध्या इंग्रजीत सांगितलं असतं तर? तो ऐकायला तयार होता. पण त्याने न विचारण्याचा शब्द दिलेला, तिने न सांगण्याची सवय लावून घेतलेली. एकाच घरातल्या या दोघांमध्ये कसलीच लिपी नाही.

याच जागी डॉइल होम्सला जरा क्रूरपणे दाखवतो. होम्स दोन तास कागदामागून कागद भरतोय आणि जमतंय असं वाटलं की शीळ घालतोय, गाणं म्हणतोय. कोडं सोडवणाऱ्या कुणालाही ती शीळ ओळखीची वाटेल. उत्तर सुटल्यावर तो अमेरिकेला तार करून खातरजमेसाठी दोन दिवस थांबतो. दुसऱ्या संध्याकाळी नवी चिठ्ठी हाती येते, तिच्यात एल्सीला मरणाला तयार राहायला सांगितलेलं असतं. तिकडे जाणारी शेवटची गाडी तोवर गेलेली असते. सकाळी होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन पोचतात तेव्हा क्युबिट छातीत गोळी लागून मेलेला आहे आणि एल्सी डोक्यात गोळी घेऊन बेशुद्ध. वाचताना त्या शिट्टीत मीही सामील असतो. पुढची चिठ्ठी यावी, म्हणजे आणखी दोन अक्षरं सुटतील, असं मलाही मनातून वाटत होतंच.

मग होम्स काय करतो? वॉटसनसमोर सगळी फोड मांडतो, पण त्याआधीच त्याने स्लेनीला एक चिठ्ठी धाडलेली असते. बाहुल्यांच्या लिपीत, ताबडतोब इकडे ये, एवढाच मजकूर. त्यातली सगळी अक्षरं त्याला स्लेनीच्याच चिठ्ठ्यांनी आणि एल्सीच्या नकाराने पुरवलेली. सही करायची गरज नाही. टोळीबाहेर ही लिपी कुणाला येत नाही, यावर स्लेनीचा पूर्ण विश्वास.

खिडकीतून वॉटसनला तो येताना दिसतो: उंच, देखणा, सावळा, दाढी राखलेला, डोक्यावर पनामा हॅट, हातातली छडी फिरवत. आपल्या मालकीच्या जागेत शिरावं तसा बागेच्या वाटेवरून ऐटीत चालत येतो आणि दाराची घंटा जोरात वाजवतो.