झोपडपट्टी-पाहणी : गणना आणि पात्रता

झोपडपट्ट्यांच्या पाहणीविषयी लिहिताना आपले अभ्यासक आकडेवारीच्या अचूकतेची चिकित्सा करतात; काय मोजायचे हे कोणी ठरवले, याची चिकित्सा क्वचितच होते. मुंबईत 1976 सालच्या झोपडपट्टी-गणनेनंतर सार्वजनिक जमिनींवरील झोपडीधारकांना फोटोपास मिळाले. पदपथावरील कुटुंबे मात्र त्या चौकटीबाहेर राहिली. ‘स्पार्क’ या संस्थेचा ‘वुई, द इन्व्हिजिबल’ हा 1985 सालचा अहवाल या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. मुख्यतः भायखळा परिसरातील सुमारे 6,000 कुटुंबांच्या या पाहणीने माणसे किती, याबरोबरच ती तेथेच का राहतात, हेही विचारले. कामाच्या ठिकाणी पायी जाता येते, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. निवाऱ्याचा प्रश्न असा अंतराशी आणि मजुरीशी जोडला गेला, हे या अहवालाचे खरे श्रेय. (शीर्षकातील ‘आम्ही’ इंग्रजीत बोलतात, हे थोडे खटकते.)

पुढील पुनर्वसन योजनांत पाहणी ही पात्रतेची चाळणी झाली. धारावीत मार्च 2024 मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणाचे तंत्र निःसंशय प्रगत आहे. परंतु 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या तळमजल्यावरील रहिवाशाला धारावीतच मोफत घर आणि माळ्यावरील रहिवाशाला धारावीबाहेर भाडे-खरेदीचे घर, हा भेद नकाशाने शोधलेला नाही. तो शासकीय धोरणाचा आहे. माळ्यावर राहून खालच्याच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या कारागिराच्या वाट्याला त्या घरासोबत नेमके तेच अंतर येते, ज्याची दखल 1985 च्या पाहणीने घेतली होती.