सावित्रीबाईंचें परमवीरचक्र

विवाहानें आपल्या देशांत आलेली परकी स्त्री आपली केव्हां होते? कायद्यानें याचें उत्तर वेळोवेळीं निराळें दिलें. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यान्वयें ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी लग्नाबरोबरच ब्रिटिश प्रजा ठरे. तिला विचारण्याचें कारणच नसे. आज यवतमाळच्या एखाद्या गृहस्थाची परदेशी पत्नी येथें ७ वर्षें राहून, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखालीं स्वतःच्या सहीनें अर्ज करते. पूर्वीं जें पतीच्या मागोमाग येई, तें आतां तिनें स्वतः मागावयाचें असतें. हा पालट इष्टच होय. तथापि मनाची साक्ष सरकारी कागदावर उमटत नाहीं. ती पाहावयाची तर आम्ही वाचकांस परमवीरचक्राकडे नेऊं इच्छितों.

या पदकाची आकृति सावित्रीबाई खानोलकर यांची. त्यांचा जन्म १९१३ सालीं स्वित्झर्लंडांतील न्यूशातेल येथें झाला. वडील हंगेरियन, आई रशियन, नांव ईव्ह. १९३२ सालीं विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशीं त्यांचा विवाह झाला. स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनीं पदकाचें काम त्यांजकडे सोंपविलें, व २६ जानेवारी १९५० रोजीं तें पदक जाहीर झालें.

व्यास अवघा १⅜ इंच, धातु कांसें, फीत जांभळी. मध्यें राजमुद्रा, भोंवतीं इंद्राचीं चार वज्रें, मागील अंगास दोन कमळें. शौर्यपदकावर शस्त्र असावें यांत नवल नाहीं. परंतु वज्र घडलें तें दधीचि ऋषीनें स्वखुषीनें दिलेल्या अस्थींचें. तेव्हां हें शस्त्र पाहतांना विजयी इंद्राआधीं देह देणारा ऋषि आठवतो. पहिलें परमवीरचक्र बडगाम येथें ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मा यांस मरणोत्तर मिळालें, यावरून प्रतीकाची निवड किती मार्मिक होती तें दिसतें.

दोष नाहीं असें नव्हे. इतक्या थोड्या जागेंत बसविलेलीं वज्रें कथा न जाणणारास केवळ नक्षी वाटतात. कांहीं लेखकांनीं पदकावर शिवछत्रपतींची भवानी तलवारही पाहिली आहे. अधिकृत वर्णनांत ती नाहीं. आम्हांस तें योग्यच वाटतें. सासरच्या प्रांताचें कौतुक तेथें शोभलें नसतें. पदक साऱ्या देशाचें आहे.

सावित्रीबाईंविषयीं लिहितांना त्यांचें लुगडें, बदललेलें नांव, शाकाहार हेच त्यांच्या भारतीयत्वाचे दाखले म्हणून दिले जातात. ही मोजपट्टी आम्हांस मान्य नाहीं. सुनेनें काय टाकलें हें मोजण्याची आपल्या घरांतील जुनी खोड त्यांत आहे. महाराष्ट्रांतील संतांवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि या भूमीच्या पुराणांतील अर्थ कांशावर उतरविला. त्यांनीं आपल्यास काय दिलें, हें आधीं पाहावें. परकी सून दारीं आली असतां तिच्या हातांत काय आहे हें जो पाहील, त्यासच तिचें आपलेपण कळेल.