आवाज मोडायचा आणि पुन्हा सांधायचा

ट्रान्समीटर उघडला की मी आधी हीटसिंक शोधतो. 'यूएसडीएक्स' या छोट्या हौशी रेडिओच्या मूळ बांधणीत तो सापडतच नाही. शेवटच्या टप्प्यावर नुसते तीन बीएस-170, चण्याच्या दाण्याएवढे काळे ट्रान्झिस्टर. त्यांच्यातून पाचेक वॅटचं एसएसबी, म्हणजे आवाज वाहणारा रेडिओ सिग्नल, निघतं!

एसएसबीला लिनिअर, म्हणजे चढउतार जसेच्या तसे वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायरच हवा, असं आम्ही पाठ केलेलं. पण लिनिअरमधला क्लास बी कागदावरसुद्धा 78.5 टक्के कार्यक्षमतेवर थांबतो, तोही आवाज पूर्ण भरात असताना. बोलणाऱ्याचा आवाज भरात असतो तरी किती वेळ? उरलेली वीज उष्णता होऊन जाते. लेनर्ड कान यांनी 1952 मध्ये त्यावर तोड काढली. सिग्नलचा जोर आणि त्याची फेज, म्हणजे लहर कुठवर आली ते, वेगळी करायची. जोर काढून घेतलेला सिग्नल एकाच उंचीचा असतो, तो रांगड्या अ‍ॅम्प्लिफायरने खुशाल वाढवावा आणि शेवटच्या टप्प्यावर जोर परत द्यावा. 1974 च्या ऑस्कर-7 या हौशी उपग्रहात कार्ल माइन्झर यांनी याच कुळातली युक्ती वापरली. तिथे वीज सौरपत्र्यांकडून मोजून मिळायची.

यूएसडीएक्सचं मूळ 'क्यूसीएक्स' या फक्त मोर्सच्या किटमध्ये आहे. एका डच हॅमने त्यातल्याच एटीमेगा-328 ला, म्हणजे दोन किलोबाइट रॅमच्या आठ-बिटी चिपला, आवाजाची फोड करायला बसवलं. फेज बदलायची कशी? एसआय-5351 या ऑसिलेटरला त्यासाठी सोयीची वाट नाही. म्हणून फ्रिक्वेन्सी क्षणभर किंचित हलवायची. बरोबरीने चालणाऱ्या दोघांपैकी एकाने चार पावलं झपझप टाकली आणि पुन्हा आधीची चाल धरली, तर चाल तीच राहते, पण तो पुढे गेलेला असतो. ते अंतर म्हणजे फेज. ऑसिलेटरची डेटाशीट त्याला जाणारे हुकूम सेकंदाला 400 किलोबिटवर थांबवायला सांगते; इथे ते 800 किलोबिटने सुटतात. आगाऊपणाच, पण चालून जातो. मोर्सच्या टिकटिकीच्या कडा मऊ करणारं सर्किट मूळ आवृत्तीत पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करण्याच्या, बळावर आवाजाचे चढउतार पेलतं. ही काटकसर मला सगळ्यात जास्त भावते.

ट्रान्झिस्टर गार राहतात ते क्लास ई या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रकारामुळे. नेथन आणि अ‍ॅलन सोकल यांनी तो 1975 मध्ये मांडला. ट्रान्झिस्टरचं दार उघडायची वेळ अशी साधायची, की त्या क्षणी पलीकडून कुणी रेटतच नाही: व्होल्टेज आपसूक शून्यावर आलेलं असतं.

सांधा मात्र दिसतो. सारख्या जोराचे दोन सूर एकदम सोडले की जोर शून्याला टेकतो आणि त्याच क्षणी फेज 180 अंशांनी उलटते. जोर आणि फेज दोन वाटांनी येतात. एक जरा मागे राहिली, की शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर खरखर उठते. चांगल्या लिनिअरची स्वच्छता इथे नाही, आणि ती असल्याचा आव कुणी आणू नये.

बांधणार असाल तर एक हिशेब जवळ ठेवा. क्लास ई मध्ये ट्रान्झिस्टरच्या ड्रेनवरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या 3.56 पटीपर्यंत उसळतं. 13.8 व्होल्ट दिले, तर 49. बीएस-170 ची मर्यादा 60 आहे, आणि हा हिशेब नीट जुळवलेल्या अँटेनाचा आहे. अँटेना न जोडता प्रक्षेपणाची कळ दाबू नका.