जॉन मॅकडोनोचें दप्तर : एका दात्याच्या कागदांचें परीक्षण

दात्याचें चरित्र दात्यानेंच जपून ठेवलेल्या कागदांवरून लिहावयाचें, ही चाल आपल्याकडे फार रूढ आहे. घाट, देवालयें व धर्मशाळा बांधणाऱ्या सावकारांचीं जीं चरित्रें झालीं, त्यांतील बहुतेक दानपत्रांवर व घराण्याच्या कैफियतींवर उभीं आहेत. रोजकीर्द व खतावणी उघडून पाहण्याचे श्रम थोड्यांनींच घेतले. या चालीचे गुणदोष परक्या उदाहरणांत अधिक स्वच्छ दिसतात. कारण तेथें आपला कोणी आप्त नसतो, कीं अन्नदाता नसतो. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण भागाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या कागदांचा विचार आम्ही येथें मांडीत आहों.

जॉन मॅकडोनो हा १७७९ सालीं मेरिलंडमधील बॉल्टिमोर शहरीं जन्मला. १८०० च्या सुमारास तो न्यू ऑर्लिन्स येथें आला; प्रथम व्यापारांत व नंतर जमिनीच्या खरेदींत त्यानें अपार संपत्ति मिळविली, आणि लुइझियानांतील मोठ्या जमीनदारांत त्याची गणना होऊं लागली. मिसिसिपी नदीच्या पैलतीरीं मॅकडोनोव्हिल येथें तो अविवाहित व एकाकी राहिला, आणि २६ ऑक्टोबर १८५० रोजीं तेथेंच वारला. हयातींत शहरांतील लोक त्यास कृपण म्हणत. मृत्युपत्र उघडलें तेव्हां कळलें कीं, इस्टेटीचा मोठा भाग त्यानें बॉल्टिमोर व न्यू ऑर्लिन्स या दोन शहरांस गरीब मुलांच्या मोफत शाळांसाठीं दिला आहे. नातलगांनीं दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल शहरांच्या बाजूनें झाला. या पैशांतून न्यू ऑर्लिन्समध्यें तीसांहून अधिक शाळा उभ्या राहिल्या, आणि मेरिलंडमध्यें १८७३ सालीं त्याच्या नांवाचें विद्यालय निघालें.

त्याचें दप्तर मोठें आहे. त्यांतील महत्त्वाचा संग्रह न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठांत आहे. व्यापाराचा पत्रव्यवहार, जमिनींचे कागद, हिशेब, मृत्युपत्राचा पसारा, आणि पूर्वी त्याचे दास असून पुढें आफ्रिकेंत लायबेरियास गेलेल्या माणसांचीं पत्रें, अशा नाना जातींचे कागद त्याच्या नांवाशीं निगडित आहेत. या साधनांकडे पाहण्याची पहिली दिशा दोन पुस्तकांनीं ठरविली. एक विल्यम ॲलन यांचें १८८६ मधील चरित्र, आणि दुसरें जेम्स एडवर्ड्‌स यांनीं १८९८ सालीं छापलेला निवडक कागदांचा संग्रह. ॲलन हे मॅकडोनोच्या पैशानें निघालेल्या विद्यालयाचे पहिले मुख्य होते, आणि एडवर्ड्‌स यांचें पुस्तकहि त्या विद्यालयाच्या परिसरांतूनच निघालें. १८९८ हेंच आपल्याकडे राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडाचें वर्ष होय, हा केवळ योगायोग. पण तुलना बोधप्रद आहे. राजवाड्यांनीं कागद छापले ते बखरींस तपासण्यासाठीं. मेरिलंडच्या संपादकांनीं कागद छापले ते संस्थापकाच्या कीर्तीस आधार देण्यासाठीं. त्यांनीं अक्षर खोटें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याच्या अन्नावर शाळा चालते त्याच्या दप्तरांतून काय निवडावें हा निर्णय शाळेंतील मनुष्यानें करावा, यांत दोष व्यक्तीचा नसून स्थानाचा आहे.

आतां मूळ कागदाकडे वळूं. मॅकडोनोच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे त्यानें १८४२ सालीं न्यू ऑर्लिन्सच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध केलेलें दीर्घ पत्र. आपल्या दासांस त्यानें स्वतःच्या श्रमानें स्वतःस विकत घेण्याची जी योजना आंखून दिली होती, तिचें विवरण त्यांत आहे. योजना अशी : रविवारीं काम नाहीं, आणि त्याऐवजीं शनिवारची दुपार दासांची स्वतःची. त्या दुपारीं त्यांनीं धन्याचेंच काम करावें. मजुरी हातीं न घेतां ती त्यांच्या खात्यावर जमा व्हावी. मनुष्याची किंमत ठरवून तिचे आठवड्याच्या सहा दिवसांप्रमाणें सहा भाग करावे. एका भागापुरती रक्कम सांचली म्हणजे शनिवारचा सबंध दिवस त्याचा झाला. मग त्या सबंध दिवसाची मजुरी जमा होऊं लागली म्हणजे दुसरा दिवस लवकर सुटतो, तिसरा त्याहून लवकर. पहिल्या दिवसास सर्वांत अधिक काळ लागतो, शेवटच्यास सर्वांत कमी. आणि सुमारें पंधरा वर्षांत मनुष्य मोकळा होतो. या रीतीनें मोकळीं झालेलीं सुमारें ऐंशी माणसें जून १८४२ मध्यें ‘मारिपोसा’ जहाजानें लायबेरियास रवाना झालीं.

संस्कृत वाचलेल्यास ही कल्पना अगदींच नवी वाटणार नाहीं. कौटिल्यानें धर्मस्थीयांत स्वतःस विकलेल्या मनुष्याविषयीं असें सांगितलें आहे कीं, धन्याच्या कामास बाध न येतां त्यानें जें मिळविलें तें त्याचें, वडिलांचा वांटाहि त्याचा, आणि मोल देऊन त्यानें आपलें आर्यत्व परत मिळवावें. नारदानें दासांचे पंधरा प्रकार सांगून सोडण्याचा विधिहि दिला आहे : खांद्यावरचा घट धन्यानें फोडावा, मस्तकावर अक्षता-पुष्पांसह जल शिंपडावें, आणि तो दास नव्हे असें त्रिवार म्हणावें. हीं वचनें उद्धृत करून आपल्या पूर्वजांची थोरवी गाण्याचा आमचा हेतु नाहीं. स्मृतींत लिहिलेलें घरोघर घडत होतें असें मानणें हाहि तोच दोष, कीं ज्याची आम्ही येथें चिकित्सा करीत आहों. मुद्दा एवढाच कीं, कौटिल्याच्या नियमांत मोल दिलें म्हणजे प्रश्न संपतो. मॅकडोनोच्या योजनेंत मोल देऊनहि एक अट उरते. सुटलेल्यानें देश सोडून आफ्रिकेस गेलें पाहिजे. ज्या भूमींत तो जन्मला तेथें स्वतंत्र होऊन राहण्याचा हक्क त्या पंधरा वर्षांच्या शनिवारांनीं मिळत नव्हता.

साधनचिकित्सेच्या दृष्टीनें त्या पत्रांत आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली : माणसाची किंमत कोणीं ठरविली, आणि दिवसाची मजुरी कोणीं ठरविली? दोन्ही धन्यानें. जमा व खर्च एकाच हातचे असतील तर वही कितीहि नेटकी असो, ती साक्ष नव्हे. ती एका पक्षाचें म्हणणें होय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मॅकडोनोनें त्याच पत्रांत, हिशेबाच्या वह्यांचा हवाला देऊन, असें मांडलें आहे कीं, या आशेनें दासांनीं इतक्या उत्साहानें काम केलें कीं त्यांच्या श्रमांतून, त्यांनीं भरलेलें मोल धरून, पाठविलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट नवीं माणसें विकत घेण्याजोगा पैसा उभा राहिला. शेजारच्या मळेवाल्यांस योजना पटावी म्हणून त्यानें हें लिहिलें, हें खरें. तरीहि ज्या कागदास एक शतक दानपत्र म्हणून वाचलें गेलें, तो अर्धा नफ्याचा ताळेबंद आहे, हें कागदच सांगतो. संपादकांनीं हा मजकूर लपविला नाहीं. वाचकांनीं वाचला नाहीं.

दप्तराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे लायबेरियाहून आलेलीं पत्रें. बेल वायली यांनीं ‘स्लेव्ह्‌ज नो मोअर’ या १९८० मध्यें निघालेल्या संग्रहांत तीं इतर मुक्त दासांच्या पत्रांसह छापलीं, आणि मॅकडोनोच्या कागदांत प्रथमच मॅकडोनोखेरीज दुसऱ्यांचा आवाज मोठ्यानें ऐकूं आला. त्या पत्रांत धन्यास ‘पिता’ म्हणून संबोधिलें आहे. मागें राहिलेल्या आप्तांस निरोप आहेत. तापानें मेलेल्यांचीं नांवें आहेत. अवजारें, बियाणें व कापड यांची मागणी आहे. भाविक चरित्रकार ‘पिता’ या शब्दावर थांबतो. पण आपल्या दप्तरांतील अर्जदास्ती ज्यानें वाचल्या आहेत, त्यास ठाऊक आहे कीं मायना हा भावनेचा पुरावा नसतो. ज्याकडून फाळ व कुऱ्हाड यावयाची आहे, त्यास काय लिहावें हें लिहिणाऱ्यास कळत असतें. उलट, तो शब्द सर्वस्वी दांभिक होता असें म्हणण्यासहि आधार नाहीं. मायना बाजूस ठेवून मागण्या वाचाव्या, हा आमचा जुना नियम येथेंहि लागू पडतो.

या दृष्टीनें दोन तरुणांची कथा उद्बोधक आहे. लुइझियानांत १८३० च्या कायद्यानें दासांस वाचावयास शिकविणें दंडनीय होतें. म्हणून मॅकडोनोनें १८३८ सालीं वॉशिंग्टन व डेव्हिड या दोघांस पेन्सिल्व्हेनियांतील लाफायेत कॉलेजांत पाठविलें, उद्देश हा कीं त्यांनीं लायबेरियांत काम करावें. वॉशिंग्टन गेला, मिशनच्या शाळेंत शिकवूं लागला, आणि त्याचीं पत्रें चरित्रकारांस प्रिय झालीं. डेव्हिड १८४४ सालीं पदवीधर झाला. त्यानें लायबेरियास जाण्याचें नाकारलें आणि न्यूयॉर्क येथें वैद्यकी केली. पुढें १८९८ मध्यें त्या शहरांत एका रुग्णालयास त्याचें नांव मिळालें. आज्ञाधारकाच्या पत्रापेक्षां नाकारणाऱ्याचें आचरण हें दात्याच्या दानाचें अधिक कठोर माप आहे. कारण देणाऱ्याची अट कोठें संपते व घेणाऱ्याची इच्छा कोठें सुरू होते, तें तेथें दिसतें.

आतां मृत्युपत्र. त्यांत शाळा गरिबांच्या मुलामुलींसाठीं, आणि सर्व वर्णांच्या व जातींच्या मुलांसाठीं खुल्या असाव्या, असें स्पष्ट लिहिलें आहे. आपल्या परिचयाचा ‘कास्ट’ हा शब्दच त्यांत योजिला आहे. त्याच मृत्युपत्रांत एक लहानशी विनंति आहे : मुलांनीं दरवर्षीं आपल्या थडग्याभोंवतीं कांहीं फुलें लावावीं. विश्वस्तांनीं व शहरानें फुलांची विनंति पाळली, वर्णाविषयींचें कलम सोयीप्रमाणें मोडलें. शाळा काळ्यांच्या व गोऱ्यांच्या वेगळ्या झाल्या. पुतळ्यास फुलें वाहण्याच्या वार्षिक समारंभांत काळ्या मुलांस गोऱ्यांचें आटोपेपर्यंत तिष्ठावें लागे. म्हणून ७ मे १९५४ रोजीं त्यांनीं समारंभावर बहिष्कार घातला. १४ नोव्हेंबर १९६० रोजीं तीन लहान काळ्या मुली मॅकडोनो क्रमांक १९ या शाळेंत शिरल्या, तेव्हां एकशेंदहा वर्षांपूर्वीं मेलेल्या मनुष्याच्या मृत्युपत्रांतील कलम त्या शाळेपुरतें अंमलांत आलें. जून २०२० मध्यें जमावानें त्याच शहरांतील त्याचा अर्धपुतळा उखडून नदींत टाकला. फुलें वाहणारे व पुतळा बुडविणारे, दोघांच्याहि रोषतोषास कारण आहे. परंतु दगडावर नांव असतें, हिशेब नसतो. हिशेब दप्तरांत असतो.

मग आमचा निर्णय काय? मॅकडोनो साधु नव्हता, आणि केवळ ढोंगीहि नव्हता. माणसें विकत घेणारा, त्यांस वह्यांतून सोडणारा, सोडतांना देशाबाहेर धाडणारा, आणि मरतांना सर्व जातींच्या मुलांस शाळा देणारा असा एकच मनुष्य या कागदांत आहे. त्याच्याविरुद्ध जो पुरावा आज आपणांस मिळतो, तो त्यानेंच लिहिलेला व जपलेला आहे. असा दाता चरित्रकारापेक्षां प्रामाणिक असतो, हें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे.

हें सर्व येथें लिहिण्याचें एक कारण आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या सावकारी घराण्याचें दप्तर पाहण्यास आम्हांस बोलावणें आलें. दानपत्रें, सनदा व मोहरबंद पत्रें रेशमी रुमालांत बांधलेलीं होतीं. दुसऱ्या एका बोचक्यांत घरखर्चाच्या वह्या होत्या. त्यांत कुणबिणींच्या खरेदीच्या रकमा होत्या. असे कागद पेशवाईच्या दप्तरांत सांपडतात, त्यांत अपूर्व कांहीं नाहीं. यजमानांनीं पहिला रुमाल संग्रहास देऊं केला आणि दुसरें बोचकें ‘तें कशाला’ म्हणून मागें ठेवलें. आम्हीं आग्रह केला नाहीं. पुढच्या खेपेस गेलों, तेव्हां तें बोचकें नव्हतें. मास्तरकींत आयुष्य गेलेल्या मनुष्यास दुसऱ्याच्या चुका दाखविण्याची संवय असते. ही चूक आमची आहे.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति इतकीच. मोहरेसाठीं सनद घ्याल, तर तिच्यामागची वहीहि घ्या. दप्तर फोडूं नका. दानपत्र एका गृहस्थाकडे, पत्रें दुसऱ्याकडे व हिशेब वाण्याच्या दुकानीं, अशी वांटणी झाली कीं इतिहासांत फक्त दाता उरतो. आणि वही देण्यास जो संकोचतो, त्यास समजावून सांगा कीं पूर्वजांची लाज वहीनें वाढत नाहीं. ज्यांचीं नांवें त्या वहीखेरीज जगांत कोठेंच लिहिलेलीं नाहींत, त्यांचा तेवढाच एक कागद असतो.